खोकल्याची वंशावळ

बारशाला आलेल्या बायकांपैकी एकीनेही घशाचा नमुना द्यायला होकार दिला नाही. हर्षद सकाळपासून रुग्णालयाच्या आवारात उभा राहून एकेकीला फोन लावत होता. कुणी बाहेरगावी गेली होती. कुणाचा फोन नवऱ्याने उचलला आणि ती आंघोळीला गेल्याचं सांगितलं. कुणी म्हणाली, आम्ही ठणठणीत आहोत, आम्हाला कशाला टोचता. यात टोचायचं काही नसतं, घशातून कापसाची काडी फिरवली की झालं, हे सांगेपर्यंत फोन बंद झालेला असे. समोरच्या फ्लॅटमधल्या देसाईकाकू तेवढ्या सरळ बोलल्या. त्या चुगलखोर यंत्रासमोर आपण तोंड उघडणार नाही, म्हणाल्या.

हर्षदची मुलगी इरा मिरजेच्या या रुग्णालयात अतिदक्षता विभागात होती. ती अजून महिन्याचीही झाली नव्हती. तिला डांग्या खोकला झाला होता. मोठ्या मुलांना या रोगात खोकल्याची उबळ येते आणि शेवटी श्वास आत ओढताना शीळ घातल्यासारखा आवाज होतो. इतक्या लहान बाळात तेवढीही ताकद नसते. ते खोकतच नाही. ते श्वास घ्यायचं थांबतं, ओठ निळे पडतात, आणि कुणीतरी तळपायाला टिचकी मारून ते पुन्हा सुरू करून द्यावं लागतं. इराच्या पाळण्याशी एक परिचारिका सतत एवढ्याचसाठी बसलेली होती.

हर्षदची मोठी बहीण केतकी दुपारी पुण्याहून आली. तोंडावर जाड मास्क होता. अतिदक्षता विभागाच्या दारापर्यंतही ती गेली नाही. खालच्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या बाहेर थांबून तिने हर्षदला तिथे बोलावून घेतलं. शलाका, हर्षदची बायको, वरच काचेशी उभी होती. तिने येणार नाही म्हणून कळवलं.

केतकी धामणे जंतुशास्त्रज्ञ होती, आणि देसाईकाकू ज्याला चुगलखोर म्हणाल्या ते यंत्र तिच्या गटाने बनवलेलं होतं. त्याचं कागदोपत्री नाव साखळीवाचक. ते नाव प्रयोगशाळेबाहेर कुणी वापरत नसे.

त्यामागची कल्पना साधी होती. एका घशात लाखो जंतू असतात आणि ते हुबेहूब एकसारखे नसतात. एकाचे दोन होताना नक्कल उतरवण्यात बारीक चुका होतात, त्यामुळे प्रत्येक आजारी माणसाच्या घशात थोड्या थोड्या फरकाच्या जंतूंचं एक मिश्रण तयार होतं. खोकल्याच्या थेंबातून दुसऱ्याकडे जातात ते त्यातले मोजकेच. म्हणजे दुसऱ्याच्या घशात सुरुवातीला असते ती पहिल्याच्या मिश्रणातली एक चिमूट. मग ती चिमूट वाढते, तिच्यात नव्या चुका होतात, आणि तिच्यातली चिमूट तिसऱ्याकडे जाते. चिमटीतून मूळचा अख्खा डबा तयार होत नाही. साखळीवाचक सगळ्या मिश्रणांमधले हे बारीक फरक वाचून ताडून बघत असे. त्यावरून कुणी कुणाला रोग दिला, हे तो दिशेसकट सांगत असे.

साथींचा इतिहास वाचताना केतकीला एक गोष्ट नेहमी खटकायची. माणसांनी देवीला नवस बोलले, पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा शिवेपार ढकलला, प्लेगात घरं सोडून माळावर झोपड्या बांधल्या. पण आपल्या घरात रोग नेमका कुणाकडून आला, हे त्यांना कधीच कळलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये एका स्वयंपाकिणीला विषमज्वराची वाहक म्हणून पकडलं. ती स्वतः कधी आजारी पडली नव्हती, त्यामुळे आपण लोकांना आजारी पाडतो यावर तिचा अखेरपर्यंत विश्वास बसला नाही. आयुष्याची वीसहून अधिक वर्षं तिला एका बेटावर एकांतात काढावी लागली. केतकी व्याख्यानांत हे उदाहरण द्यायची आणि म्हणायची, तिला नीट पुरावा दाखवता आला असता तर ती आपणहून चुलीपासून दूर राहिली असती. नवा कायदा होताना समितीपुढे केतकीची साक्ष झाली होती. रोगाला पत्ता असतो, तो लपवून कुणाचं भलं होत नाही, असं ती तिथे म्हणाली होती. कायद्यात कलम आलं: जिवावर बेतलेल्या आजारात साखळी वाचली गेली, तर घरच्यांना रोग देणाऱ्याचं नाव कळण्याचा हक्क आहे. नमुना द्यायचा की नाही हे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवलं गेलं.

पहिली दोन वर्षं लोक नमुने देत होते. मग एका तालुक्याच्या गावी शिकवणी घेणाऱ्या बाईंकडून एका मुलीला गोवर गेल्याचं यंत्राने सांगितलं. मुलगी दगावली. बाईंच्या घराच्या काचा फुटल्या, दारावर काळं फासलं गेलं, आणि त्या गाव सोडून गेल्या. तेव्हापासून रोग कुणाला असो नसो, घसा कुणीच दाखवत नव्हतं.

"बाळाच्या घशातून काहीच वाढत नाहीये, मॅडम," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. मुजावर म्हणाले. ते केतकीच्या हाताखाली शिकून गेले होते आणि अजूनही तिच्यासमोर बसत नसत. "इकडे आणायच्या आधी फॅमिली डॉक्टरांनी औषधाचा पहिला डोस देऊन टाकला. त्याने जंतू मरत नाहीत, पण बशीत वाढायला तयार होत नाहीत. काडीवर आले तेही बहुतेक मेलेलेच."

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. डांग्या खोकल्याचा हा नवा प्रकार नेहमीच्या औषधाला दाद देत नव्हता. दुसरं जे औषध चालतं, ते इतक्या लहान बाळाला देता येत नाही. शलाकाने सातव्या महिन्यात लस घेतली होती. पण ज्या प्रथिनांवरून लस या जंतूला ओळखायला शिकवते, त्यांतलं एक या प्रकाराने टाकूनच दिलं होतं. उरला होता एकच उपाय, तो म्हणजे जंतूंना खाणारे विषाणू. निसर्गात प्रत्येक जंतूवर ताव मारणारा कुठला ना कुठला विषाणू असतोच. डांग्या खोकल्याच्या जंतूंवरचे असे काही विषाणू शुद्ध करून, वाफाऱ्यातून फुप्फुसात देण्याजोगे तयार ठेवलेले होते. पण हे विषाणू फार चोखंदळ. एकाला जे जंतू आवडतात त्यांना दुसरा शिवतही नाही. चुकीचा दिला तर काहीच होत नाही आणि वेळ जातो. इराकडे वेळ नव्हता. जंतू जिवंत असेपर्यंत विष सोडत राहतात, त्या विषाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, रक्त दाट होतं आणि इवल्याशा हृदयाला ते ढकलवेनासं होतं. इराच्या पेशी रोज वाढत होत्या.

म्हणजे आता तेच जंतू जिवंत हवे होते. ते होते ज्याने इराला रोग दिला त्याच्या घशात.

"शलाकाच्या आईचा नमुना मिळाला असता तर काम झालं असतं," हर्षद म्हणाला. "पण त्या ऐकत नाहीत."

केतकीने विचारलं, त्यांचाच का.

हर्षदने खाली बघत सांगितलं. शलाकाची आई, नलिनीकाकू, बाळंतपणासाठी येऊन राहिल्या होत्या. इराला अंघोळ घालणं, शेक देणं, मांडीवर झोपवणं, सगळं त्याच करायच्या. त्यांना दम्याचा खोकला पहिल्यापासूनचा. इरा आजारी पडली त्याच सुमाराला तो वाढला. मग त्याने एक दिवस त्यांना सांगितलं की तुम्ही तासगावला जा. शलाका काहीच बोलली नाही. काकूंनी पिशवी भरली आणि गेल्या.

केतकीने ऐकून घेतलं आणि त्याला वर शलाकाजवळ पाठवलं. मग ती मुजावरांना म्हणाली, "माझ्या घशातून काडी घ्या."

पुण्याहून येताना वाटेतच तिने सगळं जुळवलं होतं. बारशाच्या आधीपासून तिच्या घशाशी खवखव होती. ताप नव्हता, थकवा नव्हता. लस रोग अडवते, जंतूला नेहमीच अडवत नाही. लस घेतलेल्या माणसाच्या घशात तो सुखाने राहू शकतो आणि त्या माणसाला खवखवीपलीकडे काही जाणवत नाही. केतकीला हे ठाऊक होतं, म्हणून ती बारशाला मास्क लावूनच गेली होती. ज्येष्ठमधाचा तुकडा तोंडात होता. मग बाळाच्या कानात नाव सांगायची वेळ आली. ते आत्याचं काम. बायका हसायला लागल्या. नलिनीकाकूंनी विचारलं, आत्याबाई नाव सांगायला आलात की पोरगी पळवायला? केतकीने मास्क हनुवटीवर ओढला, पाळण्यात वाकली आणि इराच्या कानाशी तोंड नेलं. आत्या वाकली की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. कुणाचे किती बसले ते कळलं नाही. पाठीत बसल्याबरोबर तिला खोकला आला. तोंड फिरवायला जागाच नव्हती. नाव अर्धं सांगून झालं होतं. खोकला आवरून तिने उरलेलं सांगितलं आणि सगळ्या हसल्या.

मुजावरांनी काडी घेतली. नळीवर चिकटवायच्या पट्टीवर काय लिहू, असं त्यांनी विचारलं. हर्षद वर गेलेला होता. ते हळू आवाजात म्हणाले की नाव न लिहिता नुसता क्रमांक टाकता येतो. विषाणू निवडायला जंतू पुरतात, ते कुणाचे हे लागत नाही. साखळी वाचायलाच हवी असंही नाही. वाचली नाही तर कुणाचं नाव कुणाला सांगायचा प्रश्न येत नाही. नियमात बसतं सगळं.

"सध्या क्रमांक टाका," केतकी म्हणाली. "आधी जंतू वाढू देत."

जंतू वाढले. नव्या खाद्यद्रवात त्यांना फार वेळ लागत नसे. दुसऱ्या दिवशी मुजावरांनी तिला बशी दाखवली. जंतूंचा धुरकट थर पसरला होता आणि त्यावर ओळीने विषाणूंचे थेंब सोडले होते. बहुतेक थेंबांखाली थर तसाच होता. एका थेंबाखाली मात्र काचेसारखा स्वच्छ गोल पडला होता. तिथले सगळे जंतू फुटून गेले होते. तोच विषाणू दुपारी इराला वाफाऱ्यातून दिला गेला.

केतकीची आई, सुधाताई, त्या दिवशी डबा घेऊन आल्या. बाळाच्या पेशी वाढायच्या थांबल्या आहेत, उतरल्या नाहीत पण थांबल्या आहेत, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी देवाचे आभार मानले, मुजावरांना थालीपीठ खायला लावलं, आणि मग लेकीला आवारातल्या बाकावर नेऊन बसवलं. तो नमुना केतकीचा होता हे तिने आईला आधीच सांगितलेलं होतं.

"आता पुढे काही करू नकोस," त्या म्हणाल्या. "बाळाला गुण येतोय ना? कुणाचं नाव कळून काय मिळणार आहे?"

"नलिनीकाकूंवर आलंय ते?"

"त्या तासगावला असतात. वर्षभराने विसरतील सगळे. तुला जन्मभर या घरात यायचंय, केतू. हर्षदशिवाय तुला आहे कोण?"

 आईचं चुकत नव्हतं. केतकी एकटी राहायची. दिवाळीला, गणपतीला ती या घरात यायची. इराचं नाव तिने किती महिने आधीपासून शोधून ठेवलं होतं. हे सगळं एका बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला काय होतं ते नीट बघायला ती दुसऱ्या दिवशी सकाळी तासगावला गेली.

नलिनीकाकू त्यांच्या मुलाच्या घरी मागच्या खोलीत राहत होत्या. त्यांचं ताट आणि तांब्या वेगळा काढून ठेवला होता. तो कुणी काढला असं केतकीने विचारलं, तेव्हा मीच, असं त्या म्हणाल्या. पण त्यांची सून दाराशी उभी होती आणि ती दुसरीकडे बघत होती. केतकी अंगणातच बसली, मास्क न काढता. काकू उंबऱ्याच्या आत. मधे वाळत घातलेली मेथी होती. काकूंना बोलताना मधेच खोकल्याची उबळ येत होती, आणि ही दम्याची नाही हे केतकीला ऐकूनच कळलं.

तिने सांगून टाकलं. तिच्या घशात हे जंतू आहेत, बारशाआधीपासून असावेत. बाळाच्या कानाशी ती खोकली होती.

 काकू म्हणाल्या, "मला कशाला सांगता? हर्षदरावांना सांगा."

"सांगणार आहे. पण नुसतं मी म्हणून चालायचं नाही. तुमच्याही घशात आहेत, काकू, हे दिसतंय. तुम्ही बाळाला दिले की बाळाकडून तुम्हाला आले, ते यंत्रच सांगू शकेल. त्याला तुमचा नमुना लागतो."

"आणि माझंच निघालं तर?"

"तर तेच सांगेन."

काकू थोडा वेळ मेथीची पानं उगाच उलटीपालटी करत राहिल्या. मग त्यांनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली, अगदी सपाट आवाजात, आजारपणाच्या गप्पा निघाल्यावर सांगतात तशी. आजीच्या सासरी घटसर्पाने एकामागून एक तीन मुलं गेली. दिरांची मुलं. आजी तेव्हा नवी सून होती. पांढऱ्या पायाची म्हणून तिला माहेरी आणून सोडली. पुढे वर्षांनी परत नेली, पण घरात नवं बाळ झालं की तिने ते कधी हातात घेतलं नाही. तिला कुणी मनाई केली नव्हती. तीच घेत नसे.

"लोक म्हणतात ह्या यंत्राने भांडणं लावली," काकू म्हणाल्या. "तेव्हा कुठं होतं यंत्र? नाव घ्यायचं ते घेतलंच की लोकांनी."

केतकी इतकी वर्षं व्याख्यानांत म्हणत आली होती की पूर्वी माणसाला रोग कुणाकडून आला ते कळत नसे. हे खरं होतं. पण कळत नसलं तरी नाव नेहमीच ठरत असे, आणि ते घरातल्या ज्या माणसाला उलट बोलता येत नाही त्याच्यावर जाऊन बसत असे. हे तिने कधी मांडलं नव्हतं. तिच्या मनात आलं की आपल्या नळीवरचा तो बिननावाचा क्रमांक जर तसाच राहिला, तर तो कोरा राहणारच नाही. त्यावर नलिनीकाकूंचं नाव लिहिलेलंच आहे. काकूंची तपासणी कधीतरी होईल, त्यांच्यात जंतू सापडतील, आणि मग ते कायमचं होईल.

तिने पिशवीतून काडी काढली. काकूंनी सुनेला बाहेर जायला सांगितलं, पदर खोचला आणि तोंड उघडलं.

मिरजेला आल्यावर तिने मुजावरांना तिघांची साखळी वाचायला सांगितलं. इराच्या काडीवरचे मेलेले जंतू वाढवण्याच्या कामाचे नव्हते, पण वाचण्यापुरते होते. केतकीने स्वतःच्या नळीवरचा क्रमांक खोडून पूर्ण नाव लिहिलं. मुजावरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"मॅडम, वाचून झाल्यावर मागे घेता येणार नाही."

"कलम मीच लिहायला लावलंय, मुजावर."

"म्हणूनच विचारतोय," ते म्हणाले. "यंत्रावर चिडलेले लोक तुम्हालाच शोधत होते, इतके दिवस तुम्ही सापडत नव्हतात."

तिला हसू आलं आणि लगेच खोकलाही.

निकाल पडद्यावर आला तेव्हा त्यात चुकायला वाव नव्हता. केतकीचं मिश्रण सगळ्यांत मोठं. इराचं म्हणजे त्यातली एक चिमूट, आणि त्या चिमटीत इराच्याच घशात झालेले दोन नवे बदल. नलिनीकाकूंच्या जंतूंत ते दोन्ही बदल होते. बाण केतकीकडून इराकडे जात होता आणि इराकडून आजीकडे. बाळाला मांडीवर घेऊन बसल्याने काकूंना तो झाला होता. केतकीच्या वर एक रिकामा चौकोन होता. तिला ज्याने दिला तो माणूस अजून कुठल्याच तपासणीला आला नव्हता. तो पुण्यात कुठेतरी खोकत असणार.

हर्षद आणि शलाकाला तिने वरच्या मजल्यावर काचेच्या अलीकडच्या खोलीत बोलावलं. आईही आली, कुणी न बोलावता, आणि दाराशी बसली. केतकी उभी राहूनच बोलली. कुणाकडून कुणाकडे, कशावरून कळलं, कधी झालं असणार, हे तिने क्रमाने सांगितलं. बारशाच्या वेळी आपल्या घशाशी खवखव होती आणि ती माहीत असून आपण बाळाच्या तोंडाशी गेलो, हेही सांगितलं. समर्थन केलं नाही. क्षमाही मागितली नाही. ती मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं आणि शलाकाला सध्या कुणालाच काही देण्याची गरज नव्हती.

हर्षद भिंतीला टेकला. त्याने एकदा बहिणीकडे, एकदा बायकोकडे बघितलं आणि मग तो कुणाकडेच बघेना.

 शलाकाने विचारलं, "आईला कळलंय?"

"निकाल आला तसा आधी त्यांना फोन केला."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, शलाकाने डबा खाल्ला का विचारा."

शलाकाने तोंडावर हात घेतला. तिचे खांदे हलत होते पण आवाज येत नव्हता. सुधाताई उठून तिच्याकडे जाऊ लागल्या, तेव्हा तिने दुसऱ्या हाताने त्यांना तिथेच थांबवलं. काचेपलीकडे परिचारिकेने इराच्या तळपायाला टिचकी मारली, वाट बघितली, आणि यंत्रावरची रेघ पुन्हा वर गेली. सगळ्यांनी ते बघितलं. सकाळपासून अशा वेळा कमी झाल्या होत्या, असं परिचारिका म्हणाली होती.

"ताई, तुम्ही इराजवळ यायचं नाही," शलाका म्हणाली. "बरी झाली तरी. मी सांगेपर्यंत."

"नाही येणार."

"हर्षद, तू आत्ता गाडी काढ आणि आईला घेऊन ये. तू स्वतः जायचं. ड्रायव्हर पाठवायचा नाही. तिचा उपचार इथेच करू."

हर्षद निघाला. 

आता जायला हरकत नाही असं समजून केतकीने पर्स उचलली. तेव्हा शलाकाने विचारलं, "त्या दिवशी तुम्ही आणखी कुणाकुणाच्या जवळ गेला होता?"

केतकीने हा विचार केलेला होता. मुजावरांच्या माणसांनी कालच पुन्हा सगळ्यांना फोन केले होते आणि पुन्हा सगळ्या ठणठणीत निघाल्या होत्या. पण शलाकाची मैत्रीण स्वरूपा तिचं चार महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. केतकीने त्याला कडेवर घेतलं होतं. देसाईकाकूंची सून गरोदर होती, तिच्या शेजारी बसून ती जेवली होती. आणखी तिघी-चौघी. यांतल्या कुणाच्या घरी आता जंतू असतील तर त्यांच्यावरचा विषाणू कोणता, हे आज माहीत होतं. लवकर दिला तर बाळाला रुग्णालयही बघावं लागणार नाही. फक्त त्यांनी यायला हवं होतं.

"त्या येत नाहीत, कारण प्रत्येकीला वाटतंय की इराला आपण दिला असेल आणि यंत्र आपलं नाव सांगेल," केतकी म्हणाली. "ते नाव कुणाचं आहे हे त्यांना कळलं, तर घाबरायला काही उरत नाही. ती जागा भरलेली आहे."

"नियमात फक्त आम्हालाच सांगायचं असतं ना?"

"दुसऱ्याचं नाव. माझं मी कुणालाही सांगू शकते."

"देसाईकाकू हर्षदच्या अख्ख्या विश्रामबागेत बोभाटा करतील," दाराशी बसलेल्या सुधाताई म्हणाल्या. "पुण्यापर्यंत जाईल. तुझी नोकरी, तुझी व्याख्यानं. माणसं काचा फोडतात, केतू."

"माहीत आहे, आई."

तिने फोन काढला आणि स्वरूपाचा नंबर मागितला. शलाकाने तिच्या हाताकडे बघितलं.

"तुमचा नंबर ती उचलणार नाही," ती म्हणाली. तिने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन दोघींच्या मधे टेबलावर ठेवला. केतकी टेबलापासून लांब, खिडकीशी उभी राहिली.

पलीकडून स्वरूपाने घाईघाईने इराची चौकशी केली. शलाकाने आता जरा बरं आहे एवढंच सांगितलं आणि मान वर केली.

"स्वरूपा, मी इराची आत्या बोलतेय, केतकी धामणे. इराला हा खोकला माझ्यापासून झाला. यंत्राने सांगितलंय आणि ते बरोबर आहे. त्या दिवशी मी तुमच्या बाळालाही घेतलं होतं. त्याला झाला असला तर तोही माझ्यापासूनच. तुमच्यापासून नाही आणि तुमच्या घरातल्या कुणापासूनही नाही."

 पलीकडे कुठेतरी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"चार दिवसांपासून त्याचं नाक वाहतंय," स्वरूपा म्हणाली. ती अगदी दबक्या आवाजात बोलत होती. "सासूबाई म्हणाल्या, कुणाला बोलू नकोस. काल रडता रडता जरा निळा पडल्यासारखा वाटला. मला वाटलं, मीच... मी त्या आठवड्यात सर्दीने आजारी होते."

"तुमचं काही नाही त्यात. आत्ता निघा. त्याला काही पाजून निघू नका, उलटी होईल. खाली डॉ. मुजावर थांबलेले असतील. औषध तयार आहे."

"आत्ता?"

"आत्ताच."

फोन बंद झाल्यावर केतकीने मुजावरांना खाली निरोप पाठवला. सुधाताईंनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. शलाकाने डोळे पुसले नव्हते. तिने काचेपलीकडे एकदा बघून घेतलं, फोन जवळ ओढला आणि देसाईकाकूंच्या सुनेचा नंबर लावला.